वाटेवरची शिदोरी
(नभोवाणीवरील भाषण)

घर सोडून दोन दिवसांकरितां बाहेर पडावयाचें ठरलें, कीं आपल्याकडील गृहिणीच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "बरोबर काय न्यायचें?" हाच. पुरुषमंडळी निघण्याची वेळ ठरवीत असतात, मुलें खिडकीजवळच्या जागेवरून भांडत असतात, आणि ती मात्र पोळपाट-लाटणें घेऊन बसलेली असते. हा प्रश्न मी पुष्कळ वर्षें क्षुल्लक समजत होतों. शाळेच्या एका सहलीनें माझा तो समज पार पुसून टाकला. त्या सहलीची हकीकत मी पुढें सांगणारच आहें. पण तत्पूर्वीं आमच्या वऱ्हाडांत शिदोरी कशी बांधीत असत, हें सांगणें अवश्य आहे.

माझें गांव वलगांव. अमरावतीहून परतवाड्याकडे जाऊं लागलें, म्हणजे पेढी नदीच्या काठीं तें लागतें. चिखलदऱ्याला जाणारा, बहिरमच्या यात्रेला जाणारा, दर्यापूरकडे वळणारा, असा नाना तऱ्हेचा वाटसरू आमच्या वेशीवरून जात आला आहे. गाडगेबाबांनीं २० डिसेंबर १९५६ रोजीं देह ठेविला तोही येथेंच, अमरावतीच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलाजवळ, मोटारींत असतांना. जन्मभर वाट चालणाऱ्या या पुरुषाची सारी शिदोरी म्हणजे जवळचें एक मातीचें गाडगें. मागून आणलेली भाकरी व कालवण त्यांतच घ्यावें, त्यांतच खावें, आणि तेंच धुऊन त्यानें पाणी प्यावें. त्या गाडग्यावरूनच लोकांनीं त्यांस नांव दिलें. आपणां संसारी माणसांचें मात्र एवढ्यावर भागत नाहीं. आपल्याबरोबर मुलें असतात, म्हातारीं माणसें असतात, आणि भूक वेळेवर लागते.

माझ्या लहानपणीं, म्हणजे पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीं, आम्ही आजोबांच्या दमणींतून बहिरमला जात असूं. दमणी म्हणजे वरून आच्छादन घातलेली बैलांची हलकी गाडी. बहिरम हें चांदूर बाजार तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथें यात्रा सुरू होते ती महिनाभर चालते. वाटेंत आमचा एक मुक्काम आसेगांवाजवळ पूर्णेच्या काठीं पडे व दुसरा त्यापुढें. रात्रीं बैल सोडले, कीं तीच दमणी आमची निजावयाची खोली होई, आणि तिच्या आडोशाला तीन दगड मांडले, कीं स्वयंपाकघर तयार होई. आज ज्या फिरत्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात, व ज्याच्यासाठीं आपल्या राज्य शासनानें २०२१ सालीं स्वतंत्र पर्यटनधोरण आंखलें, तें आमच्या दमणीहून मुळांत निराळें नाहीं. बैलांच्या जागीं यंत्र आलें आणि तीन दगडांच्या जागीं शेगडी आली.

या प्रवासाकरितां आजी तीन गांठोडीं बांधीत असे. पहिल्यांत पहिल्या दिवसाचें अन्न: ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरच्या तेलावर परतून कुटलेला ठेचा, कोरडा झुणका, आणि ऐन वेळीं बुक्कीनें फोडावयाचे कांदे. हें सारें दिवस मावळण्याच्या आंत संपलें पाहिजे. भाकरी उरलीच तर ती बैलांना. दुसऱ्या गांठोड्यांत दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. हें दुसऱ्या दिवसाचें अन्न. थंडी असली तर तिसऱ्या दिवसाच्या न्याहारीपर्यंतही तें चाले. तिसऱ्या गांठोड्यांत पाण्याचा स्पर्श नसलेल्या वस्तु: सातूचें पीठ, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, जवसाची आणि तिळाची कोरडी चटणी, गूळ व खोबरें. याशिवाय एका पोत्यांत कच्चा शिधा असे: जाडसर दळलेले गहूं, तुरीची डाळ आणि वांगीं. यात्रेच्या ठिकाणीं पोंचल्यावर गोवऱ्यांचा जाळ करावा, त्याच्या निखाऱ्यांत रोडगे भाजावे, आणि वांग्याच्या भाजीशीं, वरून तेल-तूप ओतून, सर्वांनीं पंगतीला बसावें, असा तो बेत असे.

या गांठोड्यांची अदलाबदल आजीला खपत नसे. एकदां पहिल्याच मुक्कामावर मीं सातूच्या पिठाला हात घातला, तेव्हां तिनें तो धरून भाकरीकडे वळविला व म्हणाली, "जे आंदी नासते, ते आंदी खाय." मला वाटलें, म्हातारी कंजूष आहे. प्रवासांतील अन्नाचें सारें शास्त्र तिच्या त्या एका वाक्यांत आहे, हें कळावयास मला आणखी पुष्कळ वर्षें लागलीं.

आतां ती सहल. या गोष्टीला वीसाहून अधिक वर्षें झालीं. आम्ही चाळीसएक मुलें घेऊन चिखलदऱ्याला निघालों होतों. फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळीं गारवा आणि दुपारीं चांगलेंच ऊन. जेवणाला पुऱ्या आणि मसालेभात असा बेत मींच ठरविला होता. स्वयंपाकाला गांवांतीलच एक बाई होत्या. पहांटे चार वाजतां भात उतरला. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, भात वाटंले नेत नसतेत. नेयाचाच असन तं परातीत पसरू द्या, निवू द्या." मोटार दाराशीं उभी होती. मी म्हणालों, "बाई, तेवढा वेळ नाहीं. पोरांना गरम गरम मिळूं द्या." आणि मीं पातेल्यावर घट्ट झांकण लावविलें, वरून फडकें बांधविलें, आणि तें पोत्यांत गुंडाळून मोटारीच्या मागच्या भागांत ठेवविलें.

घाटाच्या पायथ्याशीं मोटार बिघडली. बाराला व्हावयाचें जेवण साडेतीनला झालें. भाताला वास नव्हता, आंबूस चव नव्हती. मुलांनीं आवडीनें खाल्ला, मीही खाल्ला. सहाच्या सुमारास पहिल्या मुलाला ओकारी झाली. आठ वाजेपर्यंत सतरा मुलें आडवीं झालीं होतीं. पांचवींतील एक मुलगी माझें बोट धरून एकसारखी विचारीत होती, "गुरुजी, मी घरी जाईन ना?" डॉक्टरांनीं रात्रभर बसून उपचार केले. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत सर्व मुलें सावरलीं, आणि आम्ही परतलों.

परतल्यावर गांवांत बोलवा उठली, कीं स्वयंपाकवाल्या बाईनेंच हयगय केली. त्या गरीब बाईला पुढें दोन महिने कोणी कामाला बोलाविलें नाहीं. मी गप्प राहिलों. झांकण घट्ट लावण्याचा हुकूम माझा होता आणि तिनें मला आधींच बजाविलें होतें, हें मीं चारचौघांत सांगितलें नाहीं. शेवटीं एके सायंकाळीं तिच्या घरीं जाऊन तिच्याजवळ कबूल केलें. ती एवढेंच म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, लेकरं वाचली नं." पण एका दाराआड दिलेली कबुली ही पुरी कबुली नव्हे. म्हणून आज ती सर्वांच्या देखत देत आहें.

त्या भातांत काय घडलें असावें, हें मीं मागाहून पुस्तकांतून समजून घेतलें. धान्यावर बॅसिलस सेरियस नांवाच्या सूक्ष्म जंतूचीं बीजें पुष्कळदां असतात. तांदूळ शिजतांना जंतु मरतात; परंतु त्यांचीं बीजें त्या उष्णतेला दाद देत नाहींत. भात कोमट झाला, कीं तीं जागीं होतात, वाढतात आणि एक प्रकारचें विष तयार करतात. हें विष पुन्हां उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं. आणि अन्नाला वास येण्यापूर्वींच तें तयार झालेलें असूं शकतें. म्हणजे नाकावर व जिभेवर भिस्त ठेवणें येथें कुचकामाचें ठरतें. अन्नशास्त्रज्ञ सांगतात, कीं ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतची उष्णता ही जंतूंच्या वाढीला सोईची. शिजलेलें ओलें अन्न या टप्प्यांत दोन तासांहून अधिक राहूं नये. आणि बाहेरची हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक नको. आमच्या वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत तर त्याहूनही कितीतरी वर. पोत्यांत गुंडाळलेलें माझें पातेलें अकरा तासांहून अधिक वेळ सावकाश निवत गेलें. जंतूंकरितां याहून उत्तम पाळणा मी मुद्दाम करूं म्हटलें तरी करूं शकलों नसतों. भात परातींत पसरून निवविला असता तर धोका कमी झाला असता. पण साडेतीनपर्यंत तो खाण्याजोगा राहिलाच असता असें मात्र नाहीं. बाईचें पहिलें वाक्यच खरें होतें: वाटेला भात न्यावयाचा नसतो.

आतां आजीचीं तीन गांठोडीं पुन्हां डोळ्यांपुढें आणा. जंतूंना जगावयास पाणी लागतें. ज्या पदार्थांत पाणी अधिक, त्याचें आयुष्य कमी. ज्यांतलें पाणी भाजून, तळून किंवा वाळवून काढलें, अथवा गुळानें-मिठानें बांधून ठेविलें, त्याचें आयुष्य अधिक. आजीनें अन्न चवीप्रमाणें वाटलें नव्हतें, पाण्याप्रमाणें वाटलें होतें. मोटारीनें वा फिरत्या घरानें दोन-चार दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्या आजच्या कुटुंबानेंही हाच क्रम धरावा, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आमच्या वऱ्हाडांतून जातो. २०२५ च्या जून महिन्यांत त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. अशा वाटेवर भूक लागली, कीं पूर्वींसारखें एखाद्या गांवच्या पारावर उतरतां येत नाहीं. शिदोरीची गरज मोटारीनें संपविली नाहीं. उलट वाढविलीच आहे.

पहिल्या दिवसाकरितां भाकरी किंवा पोळी, ठेचा, आणि कारल्याच्या तेलावर खरपूस परतलेल्या काचऱ्या असाव्या. बटाट्याची ओली भाजी, नारळाची ओली चटणी, कांदा घालून केलेलें पिठलें, हें घरचें अन्न आहे, वाटेचें नव्हे. पोळ्या-पुऱ्या करतांच डब्यांत भरूं नयेत. गरम पोळीची वाफ झांकणाला लागते, तिचें पाणी होतें, आणि तेंच पाणी पोळीवर ठिबकून तिला बुरशी आणतें. कापडावर एकेक पसरून पुरती निवूं द्यावी, मग सुती फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवावी. त्या पहांटे मला नसलेला अर्धा तास याच कामासाठीं लागतो.

दुसऱ्या दिवसाकरितां दशम्या. चार वाट्या कणकेला पाव वाटी तेल चोळावें, चवीपुरतें मीठ घालावें, आणि पाण्याचा थेंबही न लावतां निव्वळ दुधांत पीठ घट्ट मळावें. गोड हव्या असतील तर दुधांत वाटीभर गूळ विरघळवून घ्यावा. पोळीहून थोड्या जाड लाटून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनीं चांगल्या भाजाव्या. पूर्वीं दूधच कां, याचें उत्तर निराळें होतें. पाण्यानें शिजविलेल्या अन्नाला विटाळ लागतो, दुधातुपाच्या अन्नाला लागत नाहीं, अशी समजूत होती. म्हणून सोवळें पाळणारा प्रवासी दशम्या नेई. तो विचार आतां मागें पडला हें बरेंच झालें. कोणाच्याही घरची भाकरी आपल्या गाडग्यांत घेणाऱ्या बाबांच्या भूमींत तर तो केव्हांच मागें पडावयास हवा होता. दशमी मात्र राहिली, कारण दुधातेलानें ती दुसऱ्या दिवशींही मऊ राहते आणि दांत नसलेल्यांना चावतां येते. कडक उन्हाळ्यांत दुसऱ्या दिवशीं तिच्याऐवजीं कोरड्या तिखट पुऱ्याच बऱ्या.

तिसऱ्या दिवसापासून पुढें कोरडें तेवढें खरें. दोन वाट्या गहूं ओलसर करून, कांडून, वाळवून खमंग भाजावे. त्यांत एक वाटी फुटाण्यांची डाळ, थोडी सुंठ व वेलची घालून दळावें, कीं सातूचें पीठ झालें. गुळाच्या पाण्यांत कालवून वर तूप घातलें, म्हणजे चूल न पेटवितां पोटभर न्याहारी होते. चटणीसाठीं जवस भाजून लाल मिरची व मिठाबरोबर कुटावें. लसूण घालावयाचा असेल तर चार दिवसांपुरतीच चटणी करावी.

ज्यांच्याजवळ शेगडी आहे त्यांना आमची उकडपेंडी मी विशेष सुचवीन. वऱ्हाडाबाहेर तिची कीर्ति फारशी गेलेली दिसत नाहीं. दोन वाट्या जाडसर कणीक घरींच मंद आंचेवर बदामी होईपर्यंत भाजावी. निराळ्या कढईंत तेलाची मोहरी-जिऱ्याची फोडणी करावी, तींत हळद, लाल तिखट व मीठ टाकून भाजलेली कणीक परतावी, आणि पूर्ण निवल्यावर डब्यांत भरावी. ओला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घरीं घालूं नये. तीं वाटेवर चिरून घालावीं. मुक्कामीं पाणी उकळावें, दर वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी थोडें थोडें शिंपडीत हालवावें, आणि झांकण ठेवून पांच मिनिटें वाफ आणावी. दहा मिनिटांत कढत कढत जेवण होतें. ज्यांचें भातावांचून चालत नाहीं, त्यांनीं दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ व कुटलेले धने-जिरें एका पिशवींत बांधून न्यावें आणि मुक्कामीं ताजी खिचडी लावावी. भात न्यावयाचा नाहीं, तांदूळ न्यावयाचे. शिजविल्यावर मात्र ती खिचडी त्याच बैठकीला संपवावी. सकाळच्या न्याहारीकरितां ठेवूं नये. आणि शेगडी गाडीच्या आंत दारें-खिडक्या लावून कधींही पेटवूं नये; बंद जागेंत विषारी वायु सांठतो व निजलेल्या माणसाला जाग येत नाहीं. शक्य तों बाहेरच, मोकळ्या हवेंत शिजवावें.

पाण्याविषयीं दोन शब्द. आमच्या आजोबांजवळ पितळेचा फिरकीचा तांब्या होता. घट्ट झांकणामुळें गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडत नसे. भांडें कोणतेंही असो, पाणी घरून उकळून गाळून भरावें. औषधाच्या पेटींत जलसंजीवनीच्या पुड्या असाव्या. नसल्या, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावें. त्या रात्रीं सतरा मुलांना आम्ही हेंच पाणी पाजीत होतों. हें प्रमाण तेव्हांपासून माझ्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर आहे. मात्र ओकारी थांबत नसेल, मूल मलूल पडत असेल, तर पाण्यावर विसंबूं नये, दवाखाना गांठावा.

एक शेवटची गोष्ट. जेवण झालें, कीं जागा झाडून निघावें. मेळघाटच्या जंगलांत तर उरलेलें अन्न माकडांना टाकूं नये. त्यानें तीं वाटसरूच्या हातांतलें ओढावयास शिकतात. पळसाच्या पत्रावळी मातींत मिसळून जात. आजच्या पिशव्या जात नाहींत, त्या आपल्याबरोबर परत न्याव्या. गाडगेबाबा कोणत्याही गांवीं गेले, म्हणजे आधीं हातांत खराटा घेत. आपण निदान आपल्या पंगतीपुरता तो घ्यावा.

श्रोतेहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि जन्मभर मुलांना शिकविलें. स्वयंपाक करणाऱ्या त्या बाई शाळेंत कधीं गेल्या नव्हत्या. त्या पहांटे आम्हां दोघांपैकीं शिदोरीचें ज्ञान कोणाला होतें, हें आतां आपणांस ठाऊक झालें आहे. त्या अद्यापि हयात आहेत, आणि संध्याकाळीं त्यांच्या ओसरीवर नभोवाणी लागलेली असते. हें भाषण त्यांच्या कानीं पडावें, आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्याही कानीं पडावें, एवढीच माझी इच्छा आहे.